ताईंच्या टॅबला आवाज येईना

माझा नवरा कवळ्या बनवतो. म्हणजे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि त्या मापावरून तो लॅबमध्ये दातांचा संच तयार करतो. एकतीस वर्षं तो हेच करतोय. ओळखीचे लोक त्याला कवळीवाला म्हणतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. कुणी आमच्याकडे जेवायला आलं आणि मोकळेपणाने हसलं, की हा त्यांच्या दातांकडे बघत बसतो. पाहुणे गेल्यावर मला सांगतो, "वरचा सुळा नंतर बसवलेला आहे. रंग जुळला नाही."

वस्तू बिघडली की टाकून द्यायची, हे त्याला कधी पटलं नाही. त्याच्या कामात बिघडलेलं दुरुस्त होतंच. दोन तुकडे होऊन आलेली कवळी तो साच्यावर बसवून जोडतो, हिरडीला टोचत असेल तर घासतो, मेणात दात तिरका बसला तर मेण गरम करून पुन्हा बसवतो. त्यामुळे माणसाच्या हाताने केलेली कुठलीही गोष्ट हातानेच पुन्हा नीट करता येते, असा त्याचा पक्का समज आहे. मिक्सर, बाथरूमचा नळ, दाराची बिजागरी या सगळ्यांवर हा समज मी पंचवीस वर्षं सोसला. टॅबच्या वेळी मात्र माझा संयम सुटला, आणि पहिल्यांदाच त्याचाही.

टॅब माझ्या नणंदेचा. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठ्या. त्यांनी सव्वीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. त्या शेजारच्या सीटवर बसायच्या, त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा, आणि शिकणाऱ्याने जरा गडबड केली की त्या असा आवाज चढवायच्या की बाजूच्या गाड्याही थांबायच्या. शिकणारे त्यांना मागून ब्रेकताई म्हणायचे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत गुठळी झाली. उजवा पाय बराचसा परत आला, उजवा हात आला नाही, आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. आपण काय बोलतो, का बोलतो, खोटं बोलतोय का, सगळं. पण शब्द तोंडापर्यंत येईपर्यंत कुठेतरी हरवतो. तीन शब्द तेवढे उरले: हो, नाही आणि ब्रेक. त्यातले हो आणि नाही कधीकधी एकमेकांच्या जागी येतात.

तेव्हापासून त्या आमच्याकडे राहतात, रस्त्याकडच्या खोलीत. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला टॅबवरचं एक ॲप दाखवलं. पडद्यावर चित्रांच्या चौकटी असतात, एका चौकटीवर बोट ठेवलं की टॅब ते वाक्य बोलतो. पेला म्हणजे पाणी, पंखा म्हणजे पंखा लावा, अशा. वाक्यं कुणाच्या तरी आवाजात भरावी लागतात. ती मी भरली. एकशे शहाऐंशी चौकटी, दोन आठवडे, खिडक्या बंद करून. त्यानंतर मी स्वयंपाकघरात असले की बाहेरच्या खोलीतून माझ्याच आवाजात कुणीतरी माझ्याकडे पाणी मागायचं. पहिले काही दिवस मी दचकायचे. मग सवय झाली.

चार वर्षं हे सुरळीत चाललं. मग ॲप उघडलं की आधी एक सूचना यायला लागली, की या उपकरणासाठी ॲप लवकरच बंद होईल. सूचनेची चौकट नेमकी पाणी आणि संडास यांच्यावर यायची. ती काढायला कोपऱ्यातल्या बारीक फुलीवर बोट ठेवावं लागे, आणि ताईंच्या डाव्या हाताला ते जमत नसे. त्या बोट आपटायच्या. एका सोमवारी सकाळी सूचनाही आली नाही. ॲप उघडलंच नाही. टॅबची सिस्टीम फार जुनी झाली होती. ॲपला नवी हवी होती, आणि टॅब बनवणाऱ्या कंपनीने या टॅबकडे बघणं केव्हाच सोडलं होतं.

साहजिकच आम्ही नवा टॅब आणला. तो पातळ, चकचकीत आणि कडेपर्यंत नुसता पडदा. जुन्या टॅबला चारी बाजूंनी बोटभर रुंद काळी पट्टी होती, ताई डाव्या हाताचा अंगठा त्या पट्टीवर ठेवून तो मांडीवर धरायच्या आणि त्याच हाताच्या बोटाने चौकट दाबायच्या. नव्याला पट्टीच नव्हती. अंगठा सरळ चौकटीवर यायचा. ॲपमधल्या नमुन्याच्या काही चौकटींत आधीपासून भरलेला एक यांत्रिक आवाज होता, तो सुरू झाला: पंखा बंद करा, पंखा बंद करा, पंखा बंद करा. मी पंखा बंद केला. ताईंनी टॅब पलंगावर टाकला आणि "ब्रेक" म्हणाल्या. जाड कव्हर घालून पाहिलं, कडेला चिकटपट्टी लावून पाहिली, स्टँडवर ठेवून पाहिलं. स्टँडवरून त्यांचं बोट नेम चुकायचं. चौथ्या दिवशी त्यांनी नव्या टॅबकडे बघणंच बंद केलं.

"जुनाच चालू करतो," नवरा म्हणाला.

"कसा?"

"त्याची सिस्टीम काढायची आणि दुसरी घालायची. लोक करतात. कंपनीने सोडलेल्या टॅबसाठी लोक स्वतः सिस्टीम तयार करतात. फुकट देतात."

"तुला येतं ते?"

"वाचून करायचं," तो म्हणाला.

आधी त्याने दुरुस्तीच्या दुकानात विचारलं. दुकानदाराने टॅब हातात घेऊन मागेपुढे फिरवला आणि परत दिला. "यात आता राम नाही. आणि असलं काम आम्ही करत नाही. मध्येच मेला तर जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"मग घरीच मारा," दुकानदार म्हणाला.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने कॉम्प्युटर, टॅब आणि वायर मांडली, लॅबमध्ये मांडतो तशी, डावीकडून उजवीकडे. वहीत सूचना लिहून काढल्या होत्या. ताई समोर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना त्याने नीट समजावलं, काय करणार आहे, किती वेळ लागेल. "दुपारपर्यंत तुझा टॅब तुझ्या हातात," असं म्हणाला. त्या "हो" म्हणाल्या.

दुसरी सिस्टीम घालू न देणारं कंपनीचं एक कुलूप टॅबमध्ये असतं, ते उघडलं की टॅबमधलं सगळं पुसलं जातं, हे त्याला माहीत होतं. ॲप टॅबवर उघडत नव्हतं, पण त्याच्या फायली होत्या. वायफायवरून त्याने त्यांची प्रत कॉम्प्युटरवर काढली. पडद्यावर आलं: बॅकअप पूर्ण झाला. ते त्याने मला वाचून दाखवलं आणि वहीत बरोबरची खूण केली.

कुलूप उघडायला मात्र वायर लागणार होती, आणि वायरनेच दगा दिला. टॅब चार्ज होत होता, पण कॉम्प्युटरला दिसत नव्हता. एक तास तो कॉम्प्युटरला दोष देत होता. मग कळलं की काही वायरींमधून फक्त वीज जाते, माहिती जात नाही. घरात सात वायरी निघाल्या. सातवीने टॅब दिसला. तोवर जेवणाची वेळ झाली होती, टेबल अडलेलं होतं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

दुपारी कुलूप उघडलं. टॅब पुसला गेला. पुढची पायरी म्हणजे आवाज वाढवायचं बटण आणि चालू करायचं बटण एकत्र दाबायचं, आणि नेमक्या क्षणी एक सोडायचं. तो क्षण काही सापडेना. लवकर सोडलं की टॅब नेहमीसारखा चालू व्हायचा, उशिरा सोडलं की बंद पडायचा. त्याने तीसेक वेळा करून पाहिलं. मिलिमीटरच्या दहाव्या भागात दात घासणारा माणूस दोन बटणांपुढे घामाघूम झाला. शेवटी हवी ती स्क्रीन आली, त्याने नव्या सिस्टीमची फाइल घातली, टॅब बंद होऊन चालू झाला आणि काळा पडला. नुसता काळा. चार्जरला लावला तरी काळा, बटण धरून ठेवलं तरी काळा.

पाच वाजले होते. ताई सकाळपासून त्याच खुर्चीत होत्या. त्यांनी डावा हात पुढे केला.

"अजून थोडा वेळ लागेल," तो म्हणाला.

लागले पाच आठवडे.

चूक काय झाली ते त्याला मंगळवारी कळलं. या टॅबचे दोन प्रकार होते. एकात सिमकार्ड बसतं, दुसऱ्यात बसत नाही. दिसायला दोन्ही सारखे, नाव सारखं, पाठीवरच्या बारीक नंबरात शेवटचं एक अक्षर वेगळं. ते अक्षर आमच्या टॅबवरून घासून गेलं होतं, चार वर्षं ताईंच्या मांडीवर राहून. त्याने सिमच्या टॅबची फाइल बिनसिमच्या टॅबमध्ये घातली होती. "हे म्हणजे वरच्या जबड्याची कवळी खाली बसवायची," तो म्हणाला. हे सांगताना त्याचा चेहरा असा होता की मला हसताही येईना.

काळ्या टॅबला पुन्हा जाग आणायला तीन दिवस गेले. बॅटरी पूर्ण उतरू द्यायची, मग वायर लावता लावता खालचं बटण दाबायचं, असं कुणीतरी कुठेतरी लिहिलं होतं. ते खरं निघालं. लॅबमधून आला की तो कपडे न बदलता टेबलापाशी बसायचा. मी बोलले तर "हं" म्हणायचा. ताई काही दाखवायला लागल्या तर "एक मिनिट" म्हणायचा. त्या एक मिनिटाचा मला फार राग यायचा, कारण ताईंकडे त्या काळात बोलायला टॅब नव्हता, होता तो मी चित्रं चिकटवलेला पुठ्ठा. पुठ्ठा बोलत नाही. मी पाठमोरी असले तर ताई त्यावर कितीही बोट ठेवोत, मला कळणार कसं? त्या पुठ्ठा पलंगाच्या कडेवर आपटायच्या. पुठ्ठ्याचे कोपरे आठवड्यात फाटले.

बरोबर फाइल घातल्यावर नवी सिस्टीम चढली. एक गोल फिरत राहिला, तासभर. तो म्हणाला पहिल्यांदा वेळ लागतो. दुसऱ्या तासानंतरही गोल फिरतच होता. मग त्याने सगळं पुसून पुन्हा केलं, आणि या वेळी वीस मिनिटांत टॅब उघडला. स्वच्छ, नवा पडदा. ॲप चढलं. बॅकअपमधून चौकटी आल्या, एकशे शहाऐंशी, सगळ्या आपापल्या जागी, पेल्याच्या जागी पेला. त्याने मला हाक मारली. ताईंना आधार देऊन आणलं. त्यांनी टॅब मांडीवर घेतला, अंगठा पट्टीवर ठेवला आणि पाणी दाबलं.

काहीच ऐकू आलं नाही.

पुन्हा दाबलं. आवाजाचं बटण वर केलं. पंखा दाबला, भूक दाबलं, माझं नाव दाबलं. टॅब गप्प. घंटीचा आवाज लावून पाहिला, तोही नाही. त्याने जिथून सिस्टीम घेतली होती ते पान पुन्हा उघडलं आणि खाली खाली जाऊन एक ओळ सापडली: बिनसिमच्या प्रकारात स्पीकर चालत नाही. कॅमेराही चालत नाही. बाकी सगळं उत्तम चालतं.

"बाकी सगळं," तो म्हणाला. "बाकी काय करायचंय मला?"

त्या पानावर लोक एकमेकांना प्रश्न विचारायचे. सिस्टीम बनवणारा, किंवा बनवणारी, गंजका स्क्रू अशा टोपणनावाने उत्तरं द्यायची. तो माणूस कुठला, पुरुष की बाई, आम्हाला अजून माहीत नाही. नवऱ्याने लिहिलं की आवाज येत नाही, काय करू. उत्तर आलं: वर लिहिलंय, वाचत जा. त्याचं डोकं फिरलं. तो टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि मला म्हणाला, "मी वाचलं नाही म्हणतोय. मी इतके दिवस वाचतच आहे."

"मग सांग ना कशासाठी हवाय ते," मी म्हणाले. "नुसतं आवाज येत नाही म्हटलं तर त्याला वाटेल गाणी ऐकायची आहेत."

त्याला ते आवडलं नाही. घरातलं परक्याला सांगायचं नाही, हा त्याचा दुसरा पक्का समज. पण दोन दिवसांनी त्याने लिहिलं, चारच ओळी. बहीण बोलू शकत नाही, एक हात चालतो, हाच टॅब तिला धरता येतो, याच्यातून ती बोलते. तीन दिवस उत्तर नाही. मग आलं: "माझ्याकडे हा टॅब आता नाही, त्यामुळे तपासता येणार नाही. मी बदल करून पाठवेन, तू घालून काय होतं ते सांग. अंदाज नको, जे दिसेल तेच लिही."

पहिली फाइल घातली, आवाज नाही. दुसरी घातली, टॅब सुरूच झाला नाही, पुन्हा बॅटरी उतरवणं, पुन्हा बटणं. तिसरीने आवाज आला, पण फक्त कानात घालायच्या वायरमधून. ताईंच्या कानात बोलून काय उपयोग, त्यांना बोलायचं होतं आम्हाला. दर वेळी टॅब सगळा पुसायचा, दर वेळी चौकटी परत भरायच्या. वहीची पानं संपली. एकदा चौथ्या फाइलची वाट बघत असताना ताईंनी पुठ्ठ्यावर काहीतरी दाखवलं, त्याला कळलं नाही, त्यांनी पुन्हा दाखवलं, त्याने भलतंच आणून दिलं. त्यांनी पुठ्ठा फेकला. तो त्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन आदळला.

"मी काय मजा म्हणून बसलोय इथे?" तो ओरडला. "तुझ्यासाठीच करतोय ना? जरा धीर धरता येत नाही?"

मी लग्नापासून त्याला ताईंवर ओरडताना पाहिलं नव्हतं. ताईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, मान हलली, पण नेहमीचा शब्दही आला नाही. त्यांचे डोळे भरले, आणि त्यांना रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही, म्हणून त्या खिडकीकडे वळल्या. नवरा चपला घालून बाहेर गेला. पुठ्ठा मी उचलला. त्यांनी बोट ठेवलं होतं ते चष्म्याच्या चित्रावर. त्यांचा चष्मा खुर्चीखाली पडला होता, एवढंच.

त्या आठवड्यात त्याने लॅबमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या वरच्या आणि खालच्या दातांना दोन वेगळे रंग वापरले. डॉक्टरांनी संच परत पाठवला. एकतीस वर्षांत रंगावरून काम परत आल्याचं त्याला आठवत नव्हतं. घरी येऊन त्याने मला एवढंच सांगितलं आणि जेवला नाही.

चौथ्या फाइलने स्पीकर वाजला. शनिवारी दुपारी मी भांडी लावत होते आणि बाहेर फोनच्या घंटीसारखा आवाज आला, मोठा, थोडा फाटका. तो धावत स्वयंपाकघरात आला, टॅब हातात, घंटी वाजतीय. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले होते. आम्ही दोघं ताईंच्या खोलीत गेलो. त्याने ॲप उघडलं, चौकटी आल्या, त्याने ताईंच्या मांडीवर टॅब ठेवला. त्यांनी पाणी दाबलं.

पुन्हा काही नाही.

घंटी वाजत होती, चौकट बोलत नव्हती. त्याने टॅब घेतला, कॉम्प्युटरला जोडला आणि बॅकअपची फाइल उघडून आत पाहिलं. अर्ध्या तासाने मी गेले तर तो नुसता बसला होता.

"आवाज त्यात नाहीतच," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"चित्रं आहेत, जागा आहेत, नावं आहेत. तू बोललेलं दुसरीकडे कुठेतरी साठवलेलं होतं. त्याची प्रत निघालीच नाही. आणि ते पहिल्या रविवारीच पुसलं गेलं." थोड्या वेळाने म्हणाला, "इतके दिवस वाटत होतं की स्पीकर बिघडलाय, म्हणून ऐकू येत नाही. पण ऐकू यायला आत काही नव्हतंच."

मग तो मला काहीतरी सांगत राहिला, की लॅबमध्ये प्लास्टरचा साचा कवळी तोंडात नीट बसेपर्यंत तो कधीच फोडत नाही, नव्या मुलीला कामावर घेतलं की पहिल्या दिवशी हेच शिकवतो, आणि इथे एका ओळीवर विश्वास ठेवला. मला त्याची कीव यायला हवी होती. मला आला राग. दोन आठवड्यांचं माझं काम, आणि त्याने मला वाचून दाखवलं होतं: पूर्ण झाला.

"पुन्हा भरू," मी म्हणाले. "तू मध्ये येऊ नकोस."

रविवारी मी आणि ताई त्यांच्या खोलीत बसलो, दार लावून, रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडकीवर जाड चादर टाकून. पहिली चौकट पाणी. मी पूर्वीसारखंच म्हटलं, "कृपया मला थोडं पाणी द्याल का?" ताईंनी ऐकलं. "नाही," म्हणाल्या. मला वाटलं हो आणि नाहीची अदलाबदल झाली. पुढची चौकट घ्यायला गेले, त्यांनी माझा हात धरला. "नाही."

"पाणी नको?"

मान हलली. ते नव्हे.

"माझा आवाज नको?"

तेही नव्हे. त्यांनी माझ्या तोंडाकडे बोट केलं आणि मग हात सपाट करून हवेत झटकन खाली आणला. मला कळेना. मी तेच वाक्य हळू म्हटलं, मोठ्याने म्हटलं. शेवटी वैतागून म्हटलं, "पाणी दे."

"हो," त्या म्हणाल्या.

मग माझ्या लक्षात आलं. ज्या बाईने सव्वीस वर्षं लोकांना 'क्लच हळू सोड, आरसा बघ' असं तोंडावर सुनावलं, तिच्या तोंडी मी चार वर्षं कृपया घातलं होतं. माझा पाहुण्यांसमोरचा आवाज. त्यांना तो बदलून हवा होता आणि ते सांगायला चौकट नव्हती.

'नको' ही एक चौकट आम्ही अकरा वेळा केली. मी म्हणायचे, त्या मान हलवायच्या. अजून जोरात. अजून. अकराव्या वेळी शेजारच्या बाईंनी दार वाजवलं, सगळं ठीक आहे ना म्हणून. नवऱ्याने बाहेरच्या बाहेर त्यांना काय सांगितलं माहीत नाही.

हसऱ्या चेहऱ्याची चौकट, 'मी मजेत आहे', त्यांनी स्वतः दाबून धरून पुसली. 'आभारी आहे' सुद्धा. मग नव्या मागितल्या. एकेकीला अर्धा तास लागत होता. एका चौकटीसाठी त्या माझ्याकडे बोट करत होत्या, मग माझ्या तोंडाकडे, मग स्वतःकडे, मग तळहात उभा. मी अंदाज करत सुटले: मी बोलू? तुम्ही बोलणार? मी गप्प बसू? तेवढ्यात उलगडलं. "मध्ये बोलू नका?"

"हो."

मला ते लागलं. मी त्यांची वाक्यं पुरी करते, मला वाटायचं मदत होते. मी ते वाक्य भरलं, त्यांना हवं तसं, धारदार. त्यांनी लगेच दाबून पाहिलं, माझ्यावरच.

चार रविवार गेले. आता एकशे चाळीसच चौकटी आहेत. 'पटलं नाही' आहे, 'मला विचारा' आहे, 'माहीत आहे' आहे, आणि ती फार वापरली जाते. वाचाउपचारवाल्या बाई आल्या तेव्हा त्यांनी नेहमीसारखं मोठ्याने, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं विचारायला सुरुवात केली आणि टॅब माझ्या आवाजात म्हणाला, माहीत आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नव्हते.

गंजक्या स्क्रूला नवऱ्याने लिहिलं की आवाज येतो, खूप आभार. उत्तर आलं: "आभार नकोत. मोठ्या आवाजात फाटतो का ते सांग." फाटतो, असं त्याने लिहिलं. त्यावर अजून काही आलेलं नाही.

टॅब चालतो, पण दर दोन दिवसांनी बंद करून चालू करावा लागतो. घड्याळ तासभर मागे पडतं. चार्ज व्हायला पाच तास लागतात. लोक म्हणतात वा, काय काम केलंस, तर तो खूश होत नाही. "आवाज मी घालवले आणि तिने भरले," म्हणतो. मी एकदा म्हटलं की ते गेले म्हणून तर ताईंना हवे तसे आले. तर म्हणाला, "ते चार वर्षांपूर्वीच विचारता आलं असतं. त्यासाठी टॅब मारायची गरज नव्हती."

ओरडल्याबद्दल त्याने ताईंची माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. पण रोज लॅबमधून आला की आधी त्यांच्या खोलीत जातो, खुर्ची ओढून बसतो आणि त्या चौकटी शोधून वाक्य पुरं करीपर्यंत तोंड मिटून थांबतो. त्याला ते जड जातं, मला दारातून दिसतं. त्याचा गुडघा हलत असतो.

गेल्या आठवड्यात त्या पानावर नवी फाइल आली. तिच्यामुळे कॅमेरा चालू होईल असं लिहिलंय. त्याने वही उघडली, सगळ्या आवाजांच्या या वेळी तीन प्रती काढल्या, तिन्ही वाजवून पाहिल्या, आणि ताईंना जाऊन विचारलं, घालू का. ताईंनी थोडा विचार केला, टॅब उचलला, भिंतीकडच्या बाजूला उशीखाली सरकवला आणि खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसल्या. त्या संध्याकाळी तो मला अर्धा तास समजावत होता की नवी फाइल घालणं किती सोपं आहे, धोका कसा काहीच नाही आणि कॅमेरा कसा झटक्यात सुरू होईल.

"ताईंना कॅमेरा कशाला हवाय?" मी विचारलं.

त्याने वही मिटली आणि पुन्हा उघडली. "नसेना का," म्हणाला. "पण आहे तर चालायला नको?"